स्थान नऊचा हूटर

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. "ताई, तुमच्या कंप्युटरच्या लाइनीतल्या गमतीजमती लिहा ना. जड काही नको, सणाचा अंक आहे," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि पुढचे चार दिवस कोरा कागद समोर घेऊन बसले. गमती दोनच आठवल्या. तिसरी गोष्ट आठवावी लागत नाही, ती माझ्या डोक्यातून कधी गेलेलीच नाही. पण ती गंमत नाही. तेव्हा आधी दोन गमती सांगून बाईंचं मन राखते. तिसरी छापायची की गाळायची, ते त्यांनी ठरवावं.

मी सव्वीस वर्षं रायपुरात सी भाषेत प्रोग्राम लिहिले. हे ऐकल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, की मग पुण्याला का नाही गेलात? गेले नाही, बस. वडील नागपूरहून रेल्वेत बदली होऊन इथे आले आणि इथेच निवृत्त झाले, तात्यापाऱ्यात घर झालं, आणि मला घराबाहेर करमत नाही. शेजारणींच्या लेखी मी कंप्युटर दुरुस्त करणारी. आजही कुणाचा प्रिंटर अडला की तो माझ्या ओट्यावर येऊन पडतो. मला प्रिंटरातलं ओ की ठो कळत नाही, पण सांगून उपयोग नाही.

आमची कंपनी म्हणजे एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि सहा माणसं. मालक दुबे सर. कारखान्यांना लागणारी लहान लहान यंत्रं आम्ही बनवायचो. भट्टीचं तापमान दाखवणारं, पाण्याची टाकी भरली की पंप बंद करणारं, असली. पत्र्याची पेटी आणि तारा खालच्या खोलीत जोडल्या जात. पेटीच्या आतला प्रोग्राम माझा.

आता माझा धंदा थोडक्यात सांगते, कंटाळा करू नका. यंत्राच्या मेमरीत एका ओळीत हजारो खाने असतात आणि एका खान्यात एक अक्षर किंवा एक लहान आकडा मावतो. प्रोग्राम लिहिणारीने आधी सांगायचं, की मला नावासाठी चोवीस खाने हवेत. यंत्र देतं. पण चोवीस खान्यांच्या जागेत तुम्ही तीस अक्षरं लिहायला घेतली, तर सी भाषा तुमचा हात धरत नाही. ती पुढच्या सहा खान्यांतही लिहू देते. तिथे आधीपासून दुसऱ्या कुणाचं काही असेल तर ते पुसलं जातं, आणि कुणी ब्र काढत नाही. नव्या भाषा असं करू देत नाहीत म्हणे. सी मात्र तुम्हाला शहाणं समजते, आणि तेच तिचं चुकतं.

म्हणून आम्ही शहाणे नाही असं धरून चालण्याची शिस्त मी आमच्या खोलीत लावली होती. प्रत्येक जागेच्या दोन्ही टोकांना एकेक ठरावीक आकडा ठेवायचा. त्याला आम्ही पहारेकरी म्हणायचो. यंत्र दर घडीला पहारेकरी जागेवर आहेत का बघणार, एक जरी बदललेला दिसला की काम थांबवून बोंब मारणार. दुसरं म्हणजे शनिवारी जेवण झाल्यावर वाचन. एकाने लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याने मोठ्याने वाचायचा, ओळीओळीला विचारायचं, की ही जागा केवढी, इथे जास्त आलं तर काय? पोरं कंटाळायची. माझ्या पाठीमागे मला 'हेडमास्तरीण' म्हणत, ते मला माहीत होतं आणि आवडतही होतं.

पहिली गंमत राज्य नवीन झालं तेव्हाची. रायपूर एका दिवसात राजधानी झालं, पण इमारती कुठून आणणार? शहरातल्या जुन्या मोठ्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरलं. इकडे प्रत्येक कचेरीला टोकनचं यंत्र हवं झालं. आमचं एक यंत्र अशा एका कचेरीत लागलं, आणि ते ज्यांची कामं होऊन गेली त्यांचे नंबर मध्येच पुकारू लागलं. तिथला बाबू मला म्हणाला, "दीदी, ये मशीन आत्मा बुलाती है." दोष माझ्या एका सहकाऱ्याचा होता. माणसाचं काम झालं की त्याची जागा मेमरीला परत द्यायची असते. ती दिली होती, पण तिचा पत्ता प्रोग्रामने आपल्याकडे तसाच ठेवला होता आणि पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन विचारत होता.

हे मी त्या सहकाऱ्याला समजावत होते, त्याला काही केल्या पटेना. शेवटी त्याला मंत्रालयाच्या फाटकाशी नेलं. तिथे खेड्यातला एक म्हातारा आजारी बायकोला घेऊन उभा होता आणि पहारेवाल्या शिपायाला विचारत होता, "डाक्टर साहब कोन कुरिया म बइठथे?" म्हणजे डॉक्टरसाहेब कुठल्या खोलीत बसतात? इमारत तीच, पत्ता बरोबर, फक्त आत डॉक्टर नव्हते, सचिव होते. आम्ही त्या दोघांना रिक्षात बसवून नव्या इस्पितळात पाठवलं. सहकारी वाटेत एवढंच म्हणाला, "समझ गया दीदी." त्याच्या हातून तसली चूक पुन्हा झाली नाही.

दुसरी गंमत एका राइस मिलमधली. धान वाळवायच्या यंत्रावर आमची पेटी होती, ती आठवड्या दीड आठवड्यात एकदा ठप्प व्हायची. प्रोग्राम मेमरीतून जागा घेत राहायचा आणि परत द्यायला विसरायचा. सगळी जागा संपली की खेळ खलास. मला कळवायच्या ऐवजी तिथल्या मुनीमजींनी स्वतःच इलाज काढला. दर मंगळवारी पेटीला अगरबत्ती ओवाळायची आणि दहा मिनिटं बंद ठेवायची. बंद करून चालू केलं की मेमरी मोकळी होते, त्यामुळे इलाज लागू पडला. मला हे वर्षभराने कळलं. मी जाऊन चूक दुरुस्त केली आणि म्हटलं, आता बंद करायची गरज नाही. मुनीमजी हात जोडून म्हणाले, "आपकी बात ठीक है दीदी, पर मंगल की छुट्टी तो उसको देंगे. फिर हफ्ता भर नाराज नहीं होती." ती मिल आहे अजून. बहुधा मंगळवार पाळत असेल.

संपादक बाई, गमती संपल्या.

राज्य होऊन चारपाच वर्षं झाली असतील. उरला नावाची कारखान्यांची वसाहत रायपूरला लागून आहे, तिथल्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या कारखान्याने आमच्याकडे गॅसच्या अलार्मची पेटी मागितली. कोळशाच्या भट्टीतून जो विषारी वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. काही समजायच्या आत माणूस खाली कोसळतो. म्हणून चौदा ठिकाणी वायू मोजणारे डबे लावायचे आणि त्यांच्या तारा कंट्रोल रूममधल्या आमच्या पेटीत आणायच्या. वायू वाढला की त्या ठिकाणाचा लाल दिवा लागणार, पेटीच्या पडद्यावर त्याचा नंबर येणार आणि हूटर वाजणार. ऑपरेटरने बघितलं, माणसं बाहेर काढली, की त्याने बटन दाबून त्या ठिकाणाचा हूटर बंद करायचा. मग लाल दिवा विझून लहानसा पिवळा लागायचा. पुन्हा बटन दाबेपर्यंत त्या ठिकाणाचा हूटर गप्प. हे सगळं पेटीच्या नोंदीत उतरायचं, आणि प्रत्येक ओळीपुढे ड्युटीवरच्या ऑपरेटरचं नाव.

त्या कंट्रोल रूममध्ये दिवसपाळीला नामदेव मेश्राम होते. वडील भंडाऱ्याकडचे, रेल्वेत खलाशी होते, घर रायपुरातच, गुढियारीला. माझ्याच वयाचे, सडसडीत, शर्टाच्या खिशात कायम एक स्वच्छ रुमाल. आम्ही दोघं मराठी, म्हणून जरा जास्त बोलायचो. पेटी बसवताना ते पहिल्या दिवशी म्हणाले, "दीदी, एक सांगू? स्थान नऊ, स्थान अकरा असं लिवलं तं आमच्या लोकायले नाही समजत. घाईत कोन नंबर पाह्यते? इथं जागेले जे म्हनतात तेच नाव येऊ द्या पडद्यावर."

मला ते इतकं पटलं की मी आनंदाने फुलून गेले. कारखान्यातल्या माणसांनी सगळी नावं सांगितली. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द त्यांचे. स्थान नऊ म्हणजे कोळशाच्या पट्ट्याखालची सुरंग. तिच्या तोंडाशी बोराचं झाड होतं, म्हणून 'बोइर पेड तीर सुरंग', म्हणजे बोराच्या झाडाजवळची सुरंग. प्रत्येक नावाला मी चोवीस खाने दिले, आणि त्याच्या लगेच पुढच्या खान्यात त्या ठिकाणाचा हूटर चालू की बंद याची खूण. शून्य म्हणजे चालू. शून्याखेरीज काहीही असेल तर ऑपरेटरने बंद केलेला.

पेटीच्या बटनांवरून नाव टाइप केलं तर पंचविसावं अक्षर पेटी घेत नव्हती, ते मी बघितलं होतं. पण ऑफिसच्या कंप्युटरवर यादी करून ती एकदम पेटीत भरायची दुसरी सोय होती. ती दुबे सरांनी ऐन वेळी मागितली आणि मी घाईत लिहिली. तिथे मापायला विसरले. शनिवारच्या वाचनात ती आली नाही, कारण मी सगळ्यांत जुनी, माझं कोण वाचणार? तरी पहारेकरी होते. त्यांनी बोंब मारली असती. पण शेवटच्या तपासणीत पहारेकऱ्यांमुळे हूटर अर्धा सेकंद उशिरा वाजतो असं दिसलं. गॅसच्या बाबतीत अर्धा सेकंद कसा चालेल, असं म्हणून मी माझ्या हाताने पहारेकरी काढून टाकले. लोकांच्या भल्यासाठीच काढले. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल, सांगता येत नाही.

पेटी वर्षभर उत्तम चालली. मग विश्वकर्मा पूजा आली. आमच्याकडे कारखान्यांत हा दिवस दिवाळीहून मोठा. यंत्रं धुतात, पुसतात, कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, त्या दिवशी कुणी पाना उचलत नाही. शिफ्टच्या इनचार्जने उत्साहाने ऑफिसच्या कंप्युटरवर बसून चौदाही ठिकाणांच्या नावांच्या सुरुवातीला 'जय बाबा' लावलं आणि यादी पेटीत भरली. पडद्यावर सगळी नावं झकास दिसली. पेटीलाही भली मोठी माळ घातली. मेश्राम बौद्ध होते, ते पूजेला उभे राहत नसत. प्रसादाची बुंदी मात्र सगळ्यांबरोबर बसून खात.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुरंगीतला पट्टा अडला. दुकालू नावाचा पन्नाशीतला फिटर, राहणारा बीरगांवचा, तो सोडवायला खाली उतरला. हूटर वाजला नाही. दुकालू वर आला नाही म्हणून लोक बघायला गेले तेव्हा उशीर झाला होता.

चौकशी कारखान्याच्या मॅनेजरच्या खोलीत झाली. मला नोंद वाचून दाखवायला बोलावलं होतं. नोंदीत स्वच्छ होतं, स्थान नऊ, वायू मर्यादेपेक्षा जास्त, हूटर ऑपरेटरने बंद केलेला, ऑपरेटर एन. मेश्राम. मॅनेजरने विचारलं, "पीली बत्ती जल रही थी, दिखी नहीं?" मेश्राम म्हणाले, "माला के नीचे थी साहब." खोलीत कुणीतरी हळूच म्हणालं, की पूजेला तर हा उभा नव्हता आणि आता माळेचं नाव सांगतो. सगळ्यांनी ते ऐकलं. मीही ऐकलं.

मग मेश्राम माझ्याकडे वळून मराठीत बोलले. "दीदी, मी नाही दाबलं जी. अन एक गोष्ट. दुकालूले काढल्यावर म्या बटन दाबून हूटर चालू केला ना, तवा पडद्यावरचं नाव तुटलं. आधी पुरं होतं. बटन दाबलं अन सुरंगचं नुसतं सु राह्यलं. काहून तसं झालं?"

त्यांनी मला विचारलं होतं. त्या खोलीत उत्तर देऊ शकणारी मी एकटी होते. आणखी एक गोष्ट मला स्वतःलाच दिसली होती. हूटर बंद असल्याची ओळ नोंदीत होती, पण तो बंद करायला बटन कधी दाबलं, ती ओळ कुठेच नव्हती. मी मनाशी म्हटलं, नोंदीत जुन्या ओळी पुसल्या जातात, तशी गेली असेल. आणि मेश्रामांना म्हणाले, "ते पडद्याचं असेल हो, त्याचा याच्याशी संबंध नाही." मग मॅनेजरकडे वळून हिंदीत म्हणाले, "मशीन अपने मन से कुछ नहीं लिखती."

चांगलं ठणकावून म्हणाले. माझ्या यंत्राचा मला अभिमान होता.

मेश्रामांना निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काढून टाकलं. उरल्यात कुणी त्यांना पुन्हा कंट्रोल रूममध्ये बसवलं नाही. गुढियारीत एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे ते दुकान उघडायच्या, झाडायच्या कामाला लागले, असं कानावर आलं. मला वाईट वाटलं. चांगला माणूस होता, एका क्षणाला चुकला, असं मी घरीही बोलून दाखवलं.

पुढच्या वर्षी विश्वकर्मा पूजेच्या दुसऱ्या दिवशी सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून फोन आला. तिथेही आमची तशीच पेटी होती. सुपरवायझर म्हणाला, "दीदी, पीली बत्ती अपने आप जल गई है, किसी ने छुआ नहीं." मी स्कूटरवर गेले. पेटीला माळ होती, ती बाजूला केली. स्थान चारचा पिवळा दिवा लागलेला. पडद्यावर त्याचं नाव बघितलं, लांबलचक, सुरुवातीला देवाचं नाव लावलेलं. मी बटन दाबलं. दिवा विझला, आणि माझ्या डोळ्यांदेखत नावाची शेपटी गळून पडली.

सी भाषेत नाव कुठे संपतं हे शून्यावरून कळतं. नाव चोवीस खाने ओलांडून हूटरच्या खान्यात घुसलं होतं. तिथे शून्याऐवजी अक्षर आलं, म्हणून पेटीला वाटलं ऑपरेटरने हूटर बंद केलाय. बटन दाबलं, त्या खान्यात शून्य आलं, आणि नाव तिथेच संपलं. मी तिथल्या स्टुलावर बसून बोटांवर उरल्याचं नाव मोजलं. 'जय बाबा बोइर पेड तीर सुरंग', इंग्रजी अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून अठ्ठावीस. बाकीची तेरा नावं चोवीसच्या आत बसत होती. चोविसावं अक्षर सुरंगच्या 'सु'मधलं यू. पुन्हा मोजलं. मेश्रामांनी जे बघितलं ते शब्द न शब्द खरं होतं, आणि ते त्यांनी मलाच सांगितलं होतं.

दुबे सरांना सगळं सांगताना मी रडले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मरने वाला तो वापस नहीं आएगा बेटा. छह घर चलते हैं इस कंपनी से. तू सब पेटियाँ ठीक कर दे, चुपचाप." मी केल्या. महिनाभर कारखान्या-कारखान्यांतून हिंडले, जुना प्रोग्राम काढून नवा घातला, यादी भरताना माप घेतलं, पहारेकरी परत बसवले. हूटर अर्धा सेकंद उशिरा वाजू लागला, कुणाचीही तक्रार आली नाही. उरल्याच्या पेटीशी उभी असताना मॅनेजर चहा घेऊन आला आणि विचारलं, "कुछ गड़बड़ थी क्या?" मी म्हटलं, "नहीं, रूटीन है."

यानंतरची वर्षं मी चोख काम केलं. माझं लिहिलेलंही शनिवारी वाचलं जावं असा नियम केला. हाताखालच्या पोरांना मापाशिवाय एक ओळ लिहू दिली नाही. त्यातली काही आज मोठ्या शहरांत मोठ्या जागी आहेत आणि अजून फोन करून सांगतात, दीदी, तुमच्यामुळे आमच्या हातून चूक होत नाही. मी फोन ठेवते आणि गुढियारीच्या बाजूला जायचं टाळते. भाजीलासुद्धा तिकडच्या बाजारात गेले नाही.

दोन वर्षांपूर्वी दुबे सर गेले, कंपनी बंद झाली. म्हणजे आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून मी हिंमत केली. खरं ते असं आहे, उगाच स्वतःला मोठं करत नाही. यंदा श्रावण संपताना मी हिंदीत एक पत्र लिहिलं. काय घडलं, चूक कुणाची, सगळं. खाली सही केली. एक प्रत त्या कारखान्याला पाठवली, तिथे आता मालकही दुसरे आहेत. एक घेऊन सकाळी दहाच्या सुमारास गुढियारीला मेश्रामांच्या घरी गेले.

दार मुलीने उघडलं. प्रज्ञा तिचं नाव, शाळेत शिकवते. खोलीत कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, खाली खाट, खाटेवर मेश्राम. केस पांढरे झालेले, खिशात रुमाल तसाच. खिडकी लहान असल्याने खोलीत अंधार होता आणि दिव्यापंख्याची बटनं त्यांच्या खांद्याशेजारीच होती, तरी ते अंधारातच बसले होते. मला ओळखून त्यांनी आत हाक मारली, "पोरी, लाइट लाव. दीदी आल्या." मुलीने येऊन त्यांच्या अंगावरून हात घालून दिवा लावला, पंखा लावला. मी बघत होते म्हणून ती म्हणाली, "पापा कोई बटन नहीं दबाते. तब से." ती मराठी समजते, बोलते हिंदीत.

मी आडवळण न घेता सांगितलं. चोवीस खाने, अठ्ठावीस अक्षरं, पुढचा खाना. तुम्ही बटन दाबलं नव्हतं. नाव तुटलं असं तुम्ही म्हणालात ते खरं होतं, आणि मी तुम्हाला खोटं पाडलं. वर्षभरात मला कळलंही होतं, तरी आले नाही. त्यांची बायको शीलाबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "मंग इतके वर्स काहून नाही आल्या, बाई?" मी म्हटलं, "भ्याले."

मेश्राम शांतपणे ऐकत होते. मग समजूत घालावी तशा आवाजात म्हणाले, "नाही दीदी. तुम्ही काहून अंगावर घेऊन राहिल्या? मी दाबलं होतं ते."

"नव्हतं दाबलं. तुम्हीच सांगितलं होतं चौकशीत, की दाबलं नाही."

"तवा मले आठवत नव्हतं. मंग हळू हळू आठवलं." त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट समोर धरलं. "हे बोट. माळ अशी बाजूले केली अन दाबलं. बटन गार होतं. मले दिसते ना ते, रोजच दिसते."

मी पत्रातला कागद उघडून खाने काढून दाखवले. ते नाही नाही म्हणून मान हलवत राहिले. नाव तुटल्याचं विचारलं तर म्हणाले, "ते पडद्याचं असंन." माझेच शब्द होते. प्रज्ञाचे डोळे भरले होते. ती म्हणाली, "हर साल पूजा के तीसरे दिन बीरगांव जाते हैं, दुकालू चाचा के घर, माफी माँगने. वो लोग दरवाजा नहीं खोलते. बाहर खड़े होकर आ जाते हैं."

मी त्यांना म्हटलं, यंदा मी तुमच्याबरोबर बीरगांवला येते, त्या घरी मी सांगते. ते म्हणाले, "तुम्ही नका येऊ. त्यायले अजून तरास होईल." मी विचारलं, निदान हे मराठीत लिहून छापू का, तुमच्या नावानिशी? ते म्हणाले, "लिवा जी. पन मी म्हनतो का मी दाबलं, हे बी लिवा."

लिहिलं. दोन्ही लिहिलं. आणि ते नको म्हणाले असले तरी यंदा पूजेच्या तिसऱ्या दिवशी मी बीरगांवला त्या दारासमोर उभी राहणार आहे. शीलाबाई बरोबर येते म्हणाली आहे.

निघायला उठले तेव्हा पत्र खाटेवर होतं. पंख्याच्या वाऱ्याने त्याची पानं सुटून उडू लागली. मेश्रामांनी एका हाताने ती घट्ट धरून ठेवली. पंख्याचं बटन त्यांच्या दुसऱ्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. ते तसेच बसून राहिले, आणि आत बघून त्यांनी हाक मारली, "प्रज्ञा, पंखा बंद कर वो पोरी."